दुष्काळ, मिशन आणि माढ्याचा मुलूख

पश्चिमेस भीमा आणि पूर्वेस सीना, अशा दोन नद्यांच्या मध्यें माढ्याचा मुलूख वसला आहे. माढेश्वरीचें देऊळ व रावरंभा निंबाळकरांचा किल्ला पाहण्यास आलेला प्रवासी येथील इतिहास दगडांत शोधतो. परंतु कुणब्याच्या दृष्टीनें तो इतिहास आभाळांत लिहिलेला आहे. नद्या दोन असल्या तरी त्यांचें पाणी खालून वाहून जाई, आणि उजनीचें धरण १९८० सालीं पुरें होईपर्यंत बहुतेक शेती पावसाच्या भरंवशावर होती. मृगाचा पाऊस हुकला तर शेतकरी हस्ताकडे डोळे लावून बसे. हस्तही कोरडा गेला म्हणजे शाळूची पेर होत नसे. आणि शाळू नाहीं म्हणजे माणसाला भाकरी नाहीं व बैलाला कडबा नाहीं. अशा वेळीं कोण मदतीस येतो, कशासाठीं येतो, आणि तो निघून गेल्यावर मागें काय राहतें, हे प्रश्न या मुलखापुढें वरचेवर उभे राहिले आहेत. त्यांतील एक प्रकरण ख्रिस्ती मिशनच्या दुष्काळी कार्याचें आहे. त्याची स्तुति पुष्कळ झाली व निंदाही पुष्कळ झाली. विचार मात्र त्या मानानें थोडा झाला.

१८७६ सालीं आश्विन महिना जवळजवळ कोरडा गेला, आणि दक्षिणेंत मोठा दुष्काळ पडला. सोलापूर जिल्हा त्याच्या ऐन तडाख्यांत सांपडला. १८७२ च्या शिरगणतींत या जिल्ह्याची लोकसंख्या ७,१९,३७५ होती. १८८१ च्या शिरगणतींत ती ५,८२,४८७ भरली. म्हणजे दर पांच माणसांमागें जवळजवळ एक माणूस नाहींसा झाला. हीं सारीं माणसें मेलीं असें नव्हे. पुष्कळ कुटुंबें गुरें हांकीत निजामाच्या मुलखांत व वऱ्हाडांत गेलीं. पण जीं गेलीं तीं सारीं परत आलीं नाहींत, हेंही त्याच आंकड्यांत आलें. आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. आगगाडी १८५९ सालीं कुर्डूवाडीस व १८६० सालीं सोलापुरास पोंचली होती. धान्य गाडीनें येत होतें. तें विकत घेण्यास गांठीं पैसा नव्हता. दुष्काळ हा धान्याचा जितका असतो तितकाच मजुरीचा असतो, हा धडा त्या वर्षानें शिकविला.

सरकारनें दुष्काळी कामें काढलीं. त्या काळीं माढें तालुक्यांत मोडणाऱ्या व हल्लीं मोहोळ तालुक्यांत असलेल्या आष्टी गांवचा तलाव अशाच उपाशी हातांनीं बांधला गेला. परंतु १८७७ च्या आरंभीं सर रिचर्ड टेंपल यांच्या सल्ल्यानें मजुरी छाटण्यांत आली, आणि दिवसाला एक पौंड, म्हणजे अच्छेरालाही किंचित् कमी, इतक्याच धान्याच्या मानानें ती धरली गेली. मजुरांनीं मुंबई इलाख्यांत ठिकठिकाणीं कामें सोडून दिलीं. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांची बाजू घेतली, जिल्ह्याजिल्ह्यांतून हकीकती गोळा केल्या व सरकारपुढें मांडल्या. मदत मागणें ही भीक नसून तो प्रजेचा अधिकार आहे, ही भाषा महाराष्ट्रांत त्या वेळीं प्रथम मोठ्यानें बोलली गेली.

पण खडी फोडण्यास हातांत बळ लागतें. म्हातारीं, आंधळीं, आजारी, आणि सर्वांत अधिक म्हणजे आईबाप गेलेलीं मुलें, यांना खडीचें काम काय उपयोगाचें? या ठिकाणीं मिशनचा प्रवेश होतो. अमेरिकन मिशनरी १८१३ सालीं मुंबईस उतरले, १८३१ मध्यें त्यांनीं अहमदनगरास ठाणें घातलें, आणि आगगाडी आल्यानंतर थोड्याच वर्षांत सोलापुरासही त्यांचें बिऱ्हाड झालें. तेथील कार्य रेव्हरंड चार्ल्स हार्डिंग व त्यांच्यामागून रेव्हरंड लॉरिन गेट्स यांनीं दीर्घकाळ चालविलें. या मंडळींना मराठी उत्तम येई, त्यांचें 'ज्ञानोदय' पत्र १८४२ पासून चालू होतें, आणि खेड्यांतून हिंडण्याची त्यांना संवय होती. दुष्काळांत त्यांच्याजवळ दोन गोष्टी होत्या, ज्या सरकारजवळ पुरेशा नव्हत्या: समुद्रापलीकडून आलेला धर्मादाय पैसा, आणि कोणत्या वस्तींत कोण उपाशी आहे याची माहिती.

ती वस्ती बहुधा गांवकुसाबाहेरची असे. ज्यांना गांवच्या विहिरीवर घागर टेंकण्याची मुभा नव्हती, त्यांच्या दारीं हा परका मनुष्य जाऊन बसे, त्यांच्या मुलांना हात लावी व अक्षरें गिरवावयास शिकवी. दुष्काळानंतर मराठी मिशनच्या मंडळ्यांत मोठी भर पडली, ती मुख्यतः या लोकांची. 'पोटासाठीं बाटले' असें त्यांच्याविषयीं म्हणण्याची रूढि पडली. तींत सत्याचा अंश नव्हता असें नाहीं. परंतु हें म्हणणारांनीं एक प्रश्न स्वतःला विचारावयास हवा होता: पोटाची भूक दुष्काळाबरोबर संपली, तरी हीं माणसें पुष्कळ ठिकाणीं नव्या धर्मांत टिकून राहिलीं, तीं कशासाठीं? भाकरी एकदांच मिळाली होती. माणूस म्हणून हांक मात्र रोज मिळत होती.

तरी शंका उरतेच, आणि ती मिशनऱ्यांनाही छळीत होती. त्याच दुष्काळांत तेलगू मुलखांत, ओंगोल येथें, जॉन क्लो नांवाच्या अमेरिकन पाद्र्यानें बकिंगहॅम कालव्याच्या सुमारें साडेतीन मैलांचा मक्ता घेऊन हजारों उपाशी लोकांस काम दिलें. मात्र मदत चालू असेपर्यंत कोणासही बाप्तिस्मा द्यावयाचा नाहीं, असा निर्बंध त्यानें स्वतःवर घालून घेतला. मदत थांबल्यावर, १८७८ च्या जुलैंत, एकाच दिवशीं २,२२२ लोकांनीं बाप्तिस्मा घेतला. या आंकड्याचा अर्थ कोणी कसाही लावो. अन्न देणारा हात व धर्म देणारा हात यांच्यामध्यें कांहीं अंतर असावें, एवढें तरी त्या मनुष्यानें ओळखलें होतें.

प्रौढ माणसाचें एक वेळ ठीक. त्याला होय किंवा नाहीं म्हणतां येतें. पांच वर्षांच्या पोरक्या मुलाचें काय? खरा वाद या प्रश्नावर पेटला. या बाबतींत माढ्याच्या शेजारींच एक मोठें काम उभें राहिलें होतें. न्यायखात्यांतील अधिकारी लालशंकर उमियाशंकर यांच्या प्रयत्नानें १८७५ सालीं पंढरपुरास बालकाश्रम निघाला, आणि प्रार्थना समाजानें तो चालविला. टाकून दिलेल्या अर्भकांसाठीं काढलेल्या या आश्रमानें पुढच्याच वर्षीं दुष्काळांतील अनाथ मुलेंही पदरीं घेतलीं. विठोबाच्या गांवीं, चंद्रभागेच्या कांठीं, ज्यांना कुळगोत्र विचारण्याचें कारण नाहीं अशीं मुलें वाढूं लागलीं. मिशनला शिव्या देण्यापेक्षां हें उत्तर कितीतरी श्रेष्ठ होतें.

पुढें १८९६-९७ चा व त्यापाठोपाठ १८९९-१९०० चा दुष्काळ आला. मध्यंतरीं प्लेगही होताच. या वेळीं मदतीचा पसारा फार मोठा झाला. अमेरिकेंत 'ख्रिश्चन हेरल्ड' या साप्ताहिकानें वर्गणी गोळा केली, आणि १९०० च्या मे महिन्यांत 'क्विटो' नांवाची आगबोट दोन लक्ष बुशेल, म्हणजे सुमारें पांच हजार टन, मका घेऊन न्यूयॉर्कहून मुंबईकडे निघाली. नगरचे डॉ. रॉबर्ट ह्यूम हे या अमेरिकन मदतीचा विनियोग करणाऱ्या समितीचे कार्यवाह होते. त्या कार्याबद्दल सरकारनें त्यांना कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिलें.

कुर्डूवाडीहून पुण्याकडे जाणाऱ्या त्याच रुळावर केडगांव आहे. तेथें पंडिता रमाबाईंनीं आपलें मुक्तिसदन उभारलें. दुष्काळ म्हणजे काय हें त्यांना कोणी सांगावयास नको होतें. मद्रास इलाख्यांतील उपासमारींत त्यांचे आईबाप व थोरली बहीण गेलीं होतीं. १८९७ सालीं त्या स्वतः मध्यप्रांतांत हिंडल्या व सुमारें तीनशें मुली व स्त्रिया घेऊन आल्या. १९०० मध्यें गुजरातेंतून आणखी शेंकडों आल्या. शारदासदनांतील धर्मांतराच्या वादावरून १८९३ सालींच रानडे व भांडारकर यांनीं त्यांच्याशीं असलेला संबंध सोडला होता. तो आक्षेप खोटा नव्हता. परंतु रस्त्याच्या कडेस पडलेल्या मुली उचलण्यास त्या दिवशीं रमाबाईच गेल्या होत्या, हेंही तितकेंच खरें आहे.

या दोन्ही सत्यांना एकत्र बसविण्याचा प्रयत्न पुढें झाला. लाला लजपतराय व आर्यसमाज यांनीं १८९७ पासून हिंदु अनाथांसाठीं आश्रमांची चळवळ केली, आणि १९०१ च्या दुष्काळ-चौकशी मंडळापुढें लालाजींनीं या प्रश्नावर साक्षही दिली. पोरक्या मुलाचे नातलग आधीं शोधावे, ते न मिळाल्यास त्याच्याच धर्माच्या लोकांकडे त्यास सोंपवावें, आणि तशी सोय नसेल तरच इतरांकडे द्यावें, हें तत्त्व हळूहळू मान्य झालें. हा न्याय योग्यच आहे. पण त्याच्या पोटांत एक जबाबदारी दडलेली आहे: आपलें मूल दुसऱ्यानें नेऊं नये असें वाटत असेल, तर तें मूल सांभाळण्यास आपण आधीं पोंचलें पाहिजे.

मुलें वांचलीं; मग त्यांचें करावयाचें काय? येथें मिशनच्या कार्याला खरें वळण लागलें. केडगांवांत मुली विणकाम, शेती, दूधदुभतें व छापखान्याचें काम शिकल्या. नगरास डी. सी. चर्चिल नांवाच्या मिशनरी यंत्रज्ञानें हातमागांत सुधारणा करून तो अधिक जलद चालेल असा केला. सोलापूर तर कोष्टी-साळ्यांचें शहर. दुष्काळांत खेड्यांत कापड कोणी घेत नाहींसें झालें कीं पहिला मार विणकरावर बसे. त्याच्या हातीं चार दिवसांचें धान्य देणें निराळें आणि चांगला माग देणें निराळें, हें शहाणपण दुष्काळांतून आलें.

आणि मागापाठोपाठ पाणी. १९७२ चा दुष्काळ महाराष्ट्राच्या आठवणींत अजून ताजा आहे. सुमारें त्याच काळांत जालन्यास, नगर जिल्ह्यांतील वडाळ्यास व सोलापुरास मिशनशीं निगडित कारखान्यांनीं कातळांत खोल विंधण-विहिरी घेण्याचें काम चालविलें. विहिरी झाल्या, पाणी लागलें. मोडूं लागले ते त्यांवरचे पंप. बिडाच्या त्या पंपांची घडण परदेशांत एकेका कुटुंबासाठीं झालेली. येथें सारा गांव दिवसभर त्यांवर हात चालवी. १९७४ च्या एका पाहणींत देशांतील अशा पंपांपैकीं सुमारें तीन चतुर्थांश बंद असल्याचें आढळलें. या कारखान्यांनीं खडबडीत, पोलादी, एकाच कण्यावर हलणारा पंप घडविला. सोलापूर वेल सर्व्हिसचा 'सोलापूर पंप' हा त्यांतला अधिक टिकाऊ ठरला. त्याच्याच पायावर युनिसेफ व भारत सरकार यांनीं 'इंडिया मार्क टू' हा हातपंप सिद्ध केला, आणि तो हिंदुस्थानांत व आफ्रिकेंत लक्षावधींच्या संख्येनें बसला. खेड्यांतील बाई त्याला 'हापसा' म्हणते. त्याचें जन्मगांव तिला ठाऊक नसतें, आणि ठाऊक असण्याचें कारणही नाहीं.

ज्यांना विहिरीवर बंदी होती त्यांच्यापासून हें कार्य सुरू झालें, आणि त्याचा शेवट अशा पाण्यापाशीं झाला, कीं ज्याचा दांडा धरणाऱ्यास कोणी धर्म विचारीत नाहीं. हापसा बसला त्या दिवशीं गांवांतील भेद गेला असें म्हणणें भाबडेपणाचें होईल. परंतु १८७७ सालीं मिशनच्या अन्नछत्रावर जो संशय होता, तो या पाण्यावर नाहीं. अन्न देतांना देणारा वर उभा असतो व घेणारा खालीं बसलेला असतो. हापशावर दोघेही वांकतात.

माढ्याच्या मुलखाची परीक्षा संपलेली नाहीं. उजनीच्या पाण्यावर जेथें ऊस उभा राहिला, तेथेंच २०२५ च्या सप्टेंबरांत सीनेला महापूर आला, आणि गांवेंच्या गांवें पाण्यानें वेढलीं. शतकभर जो मुलूख पाण्यासाठीं रडला तो पाण्यांत बुडाला. अशा वेळीं मंदिर, मशीद, चर्च, संघ, मंडळ, ज्याला जें जमेल तें त्यानें घेऊन जावें. त्यांत लाज नाहीं व उपकारही नाहीं. मात्र जातांना पंढरपुरचा आश्रम आठवावा, ओंगोलचा निर्बंध आठवावा, आणि सोलापुरचा हापसा आठवावा. वेळेवर पोंचणें, बदल्यांत कांहीं न मागणें, आणि माघारीं फिरतांना असें कांहीं ठेवून येणें कीं पुढच्या खेपेस आपली गरजच पडूं नये: दुष्काळांच्या दीडशें वर्षांनीं मदतीचा एवढाच धर्म शिकविला आहे.