कुठलं गाव?

हैदराबादमधल्या विद्यानगरच्या मैदानातला सिंगल बार सकाळी सहाला गार असतो. उडी मारून तुम्ही तो धरता. दोन्ही टोकांना रंग शाबूत, मधोमध हातांनी घासून उघडं पडलेलं लोखंड. आठव्या पुलअपला बोटं उकलायला लागतात, नवव्याला सुटतात, आणि पाय टेकतात ते लाल मातीत.

तेल, ताक आणि घामाचा वास. पुणं आहे, दुसऱ्या बाजीरावाचं. पुढच्याच्या पागोट्याआडून दिसतंय ते एवढंच: दोन धिप्पाड गडी मांड्या ठोकत फिरतायत. अली आणि गुलाब, निजामाच्या मुलखातले. त्यांना जोड द्यायला कुणी उठत नाही.

"पाव्हणं, गाव कुठलं?" शेजारचा विचारतो.

"हैदराबाद," सवयीनं निघून जातं. तो वीतभर बाजूला सरकतो.

घ्या. तिकडे बोलीवरून पुण्याकडचे ठरता, इकडे गावावरून निजामाचे. दोनशे वर्षं मागे येऊनही सुटका नाही.

तेवढ्यात बाळंभटदादा देवधर, अगदी कोवळा पोरगा, पुढे येतो आणि तयारीसाठी मुदत मागतो. मग कथेप्रमाणे वणी, सप्तशृंगीची उपासना, मारुतीचा दृष्टांत आणि त्यातून मल्लखांब. दृष्टांताबद्दल मी बोलत नाही. पण गडावर माकडं ढीगभर, आणि फांदी कशी धरावी हे ती फुकट शिकवतात. खांब मात्र जुनाच. बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लासा'त मल्लस्तंभ आहे, आणि तो ग्रंथ लिहिणाऱ्या सोमेश्वराची राजधानी कल्याणी, म्हणजे आजचं बसवकल्याण, पुण्यापेक्षा हैदराबादला जवळ. शेजाऱ्याला हे सांगावंसं वाटतं. सांगत नाही.

पोरगा खांबाशी उभा राहतो. शिसवी लाकूड, एरंडेल चोपडून चकाकणारं. दोन्ही हात वर, एक झेप, पाय डोक्यावरून जाऊन खांबाला आवळतात. अढी बसली. हात सुटले तरी तो उलटा तसाच, छाती शांतपणे वरखाली होतेय. तुम्हीही हात लावून बघता. तळवा सरकतो. बार मुठीत मावतो. हा मावत नाही, म्हणून मांडी, पोटरी, काख, सगळ्या अंगाचीच मूठ करावी लागते. अलीला कळायच्या आत अशाच एका मुठीत तो सापडतो आणि आपटतो. गुलाब लढतच नाही, असं सांगतात. पुणेकर ओरडतात. तुमचे हात टाळीसाठी उठतात आणि अर्ध्यावर राहतात. हरले ते तुमच्या गावचे.

डोळे पुसता तर बर्लिन. हासेनहाइड, १८११. फ्रीडरिश यान नावाचा मास्तर पोरांना उघड्यावर लाकडी आडव्या दांड्याला लटकवतोय. ह्याचीही सुरुवात फांदीपासूनच झाली असणार. थांबायला वेळ नाही. त्याच शहरात १९३६ साल उगवलंय, आणि ऑलिंपिकच्या गर्दीत अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची पोरं मल्लखांब दाखवायला आलीत. त्याच ऑलिंपिकमध्ये आडव्या बारचं सुवर्ण फिनलंडच्या आलेक्सांतेरी सार्वालाला.

आजचा स्पर्धेचा बार पोलादी, २.४० मीटर लांब, जेमतेम २८ मिलिमीटर जाड. पूर्ण झोक्यात शरीर तळाशी येतं तेव्हा हातांवर वजनाच्या तिप्पट-चौपट ओढ बसते. बार वाकतो आणि ती ओढ परत करतो; त्या उसळीवर खेळाडू हात सोडून हवेत जातो, फिरतो, पुन्हा बार पकडतो. खांब काही परत देत नाही. तिथे जे आहे ते तुमचंच. मला खांबाचा हा कोरडेपणा जास्त आवडतो, पण सार्वालाला ते पटणार नाही.

पायाखाली परत विद्यानगरची खडी. तळवे लाल. बार पुन्हा धरता, गुडघा वर नेऊन अढी घालायचा प्रयत्न करता. पोटरी गार लोखंडाला लागते आणि घसरते.

"उतरते क्या, भाईसाब?" मागून कुणीतरी. "मैं कब का खडा हूं."