औरंगाबाद : एकोणिसाव्या शतकातील व्यापार व नगरजीवन

औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) हे मराठवाड्यातील एक इतिहासप्रसिद्ध नगर. मोगल दख्खनचे सत्ताकेंद्र म्हणून वाढलेले हे शहर एकोणिसाव्या शतकात हैदराबाद संस्थानातील एक मध्यम आकाराची बाजारपेठ म्हणून उरले. दरबार निघून गेल्यावर त्याच्या आश्रयाने वाढलेल्या कारागिरांचे व पेठांचे काय होते, याचे बोधप्रद उदाहरण म्हणून या कालखंडातील औरंगाबादकडे पाहता येते.

पार्श्वभूमी : मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी या खेड्याच्या जागी नगर वसविले. १६५३ मध्ये औरंगजेबाने त्यास औरंगाबाद हे नाव दिले व पुढे तटबंदी उभारली. मोगलांच्या सेवेतील सरदारांनी तटाच्या आतबाहेर आपापली पुरे वसविली. करणपुरा, जयसिंगपुरा, पहाडसिंगपुरा ही नावे त्याची साक्ष देतात. बावन्न दरवाजे व बावन्न पुरे अशी या नगराची लोकप्रसिद्धी आहे. १७६३ मध्ये निजामाची राजधानी हैदराबादेस गेली आणि तिच्यामागे सरदार, मनसबदार व त्यांचे आश्रित यांनीही शहर सोडले. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी तटाच्या आत अनेक वाडे व बागा ओसाड पडल्या होत्या. १९०१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ३६,८३७ होती. नगराचा विस्तार मात्र राजधानीचाच राहिला होता.

पाणीपुरवठा : मलिक अंबरच्या काळी सुरू झालेल्या नहरींनी शहरास पाणी मिळे. उत्तरेकडील टेकड्यांच्या पायथ्याशी जमिनीत मुरलेले पाणी भुयारी मार्गाने व खापरी नळांनी आणून ठिकठिकाणच्या बंबांवाटे हौदांत सोडले जाई. पाणचक्कीचे जातेही नहरीच्याच पाण्यावर फिरे. ही योजना चालू राहण्यास नळांची नियमित साफसफाई व दुरुस्ती आवश्यक होती. राजाश्रय संपल्यावर तीत खंड पडला आणि अनेक नहरी निकामी झाल्या. ज्या मोहल्ल्यांत पाणी येत राहिले, तेथे वस्ती टिकली.

पेठा व व्यवहार : शहागंज, सिटी चौक, गुलमंडी, सराफा ही व्यापाराची मुख्य ठिकाणे. रंगारगल्ली, कुंभारवाडा ही नावे व्यवसायांवरून पडली आहेत. आसपासच्या खेड्यांतून बैलगाड्यांनी ज्वारी, गहू, कापूस व तेलबिया येत. परतीच्या गाड्यांतून मीठ, गूळ, कापड व भांडी जात. घाऊक व्यापार व सावकारी यांत स्थानिक वाण्यांबरोबरच मारवाडी व गुजराती व्यापाऱ्यांचे प्राबल्य होते. संस्थानाचे हाली सिक्का हे चलन आणि ब्रिटिश हद्दीतील कलदार रुपया अशी दोन नाणी व्यवहारात असल्याने सराफांना बट्ट्याचे उत्पन्न मिळे. संस्थानाच्या सीमेवर मालावर जकात द्यावी लागे. दुकानांच्या चोपड्या मोडी लिपीत लिहिल्या जात. सरकारी कामकाजाची भाषा प्रथम फार्सी व १८८४ पासून उर्दू होती. निरक्षर कुणब्याला त्यामुळे कर्जाच्या हिशेबासाठी एकावर आणि कचेरीतील अर्जासाठी दुसऱ्यावर विसंबावे लागे.

सालारजंग यांच्या १८६५ च्या जिल्हाबंदीनंतर औरंगाबाद जिल्ह्याचे ठाणे झाले. कचेऱ्यांमुळे बाजारास काही आधार मिळाला. शहराच्या पश्चिमेस हैदराबाद कंटिन्जंट या फौजेची छावणी होती. जून १८५७ मध्ये येथील घोडदळात उठाव झाला व पुण्याहून आलेल्या फौजेने तो मोडून काढला. छावणी पुढेही राहिली. तीस लागणारे धान्य, वैरण व इतर जिन्नस पुरविणे हा व्यापाऱ्यांचा एक खात्रीचा धंदा होता.

हस्तव्यवसाय : शहराची कीर्ती मुख्यत्वे किनखाब, मश्रू व हिमरू या वस्त्रांमुळे होती. किनखाबात जरीचा वापर होई. मश्रूची वरची बाजू रेशमी व अंगाला लागणारी बाजू सुती असे. पुरुषांनी शुद्ध रेशीम वापरण्यास धर्माची अनुमती नसल्याने मुसलमान समाजात त्यास विशेष मागणी होती. हिमरूत सुती ताण्यावर रेशमाची वेलबुट्टी उठविली जाई. किनखाबाहून ते स्वस्त असे. नक्षीचा बेत दोऱ्यांच्या जाल्यात बांधलेला असे. मागावर बसलेला मदतनीस जाल्याचे दोर क्रमाने ओढी आणि खाली बसलेला विणकर धोटा टाकी. एका वस्त्रास अशा दोन माणसांचे अनेक दिवस लागत. सु. ५० किमी.वरील पैठण येथील पैठणी व खुलदाबादजवळील कागजीपुऱ्याचा हातकागद यांचीही भिस्त याच प्रकारच्या ग्राहकावर होती.

हा ग्राहक म्हणजे अंगरखा व शेरवानी वापरणारा दरबारी वर्ग. त्याची संख्या घटली, तशी मागणी हैदराबादपुरती व लग्नसराईपुरती आकुंचित झाली. सर्वसामान्यांच्या कापडात प्रथम विलायती व पुढे मुंबईच्या गिरण्यांच्या मालाने स्थान मिळविले. गिरणीत तयार झालेल्या कागदामुळे कागजीपुऱ्याचा धंदाही बसला. ही आपत्ती केवळ दख्खनपुरती नव्हती. ब्रिटनमध्ये वेल्समधील न्यूटाउन या फ्लॅनेल विणणाऱ्या लहान बाजारगावाचा धंदा इंग्लंडच्या उत्तरेकडील यंत्रमागांनी असाच हिरावून घेतला. तेथील प्राइस जोन्स या व्यापाऱ्याने मात्र रेल्वे व टपाल यांच्या साहाय्याने दूरच्या ग्राहकास घरपोच माल पाठविण्याचा व्यवसाय उभारला. औरंगाबादच्या विणकरास अशी सोय नव्हती. मुंबईहून येणारा लोहमार्ग १८६० नंतर नांदगावपर्यंत आला; परंतु ते स्थानक सु. ९० किमी. दूर होते आणि मधला प्रवास टांग्याने किंवा बैलगाडीने करावा लागे.

गिरणी व लोहमार्ग : १८८९ मध्ये शहरात सूतकताई व विणकामाची गिरणी निघाली, तीत सु. ७०० लोकांना काम मिळाले. हैदराबाद–गोदावरी खोरे लोहमार्ग १९०० मध्ये सुरू होऊन औरंगाबाद मनमाडमार्गे मुंबईशी जोडले गेले. त्याचा लाभ प्रामुख्याने कापसास झाला. जालना येथे सरकी काढण्याचे नऊ व गासड्या बांधण्याचे पाच कारखाने निघाले. औरंगाबाद येथेही सरकी काढण्याचा कारखाना व तेलाची गिरणी सुरू झाली. १९०१ मध्ये जिल्ह्यातील कापसाच्या कारखान्यांत १,०१६ लोक काम करीत होते. कच्चा माल बाहेर व तयार कापड आत, अशी व्यापाराची दिशा ठरली. कापसाचे मुख्य केंद्र म्हणून जालना पुढे आले. औरंगाबादचे महत्त्व प्रशासकीय ठाणे व धान्याची पेठ म्हणून राहिले. १८९९–१९०० च्या दुष्काळाचा तडाखा याच सुमारास बसला. पिके बुडालेल्या खेड्यांतून लोक कामाच्या शोधात बाहेर पडले. नवा लोहमार्ग अन्नधान्य आणू शकत होता, ते विकत घेण्याची शक्ती मात्र देऊ शकत नव्हता.

मूल्यमापन : या शतकातील औरंगाबादचा इतिहास सामान्यतः ‘ऱ्हास’ या एका शब्दात सांगितला जातो. तो अपुरा आहे. दरबारी नगर खचले, परंतु आसपासच्या शेतीवर जगणारी पेठ टिकून राहिली. या स्थित्यंतराची किंमत प्रामुख्याने विणकरांनी दिली. जाल्यात नक्षी बांधण्याचे ज्ञान पुस्तकात नव्हे, तर घराण्यांत जतन होत आले होते. एक घराणे माग सोडी, तेव्हा त्याबरोबर काही नक्ष्याही कायमच्या जात. तरीही थोड्या घराण्यांनी हिमरूचे माग विसाव्या शतकापर्यंत चालू ठेवले. शहराची ओळख म्हणून आज हिमरूचे नाव घेतले जाते, ते त्यांच्या चिकाटीमुळेच होय.