वायंगण, अर्धेल आणि मनिऑर्डर

श्रोतेहो, शेतीचा भूगोल म्हटला की शाळेतला नकाशा डोळ्यांसमोर येतो. काळी माती तिथे कापूस, जांभी माती तिथे भात आणि आंबा, एवढे पाठ केले की गुण पदरात पडत. पुढे बी.ए.ला असताना याच विषयाचे मोठे पुस्तक हाती आले आणि त्यात मातीबरोबर माणूसही भेटला. जमीन कसतो कोण, तिच्यावर हक्क कोणाचा, पिकलेले जाते कुठे आणि घरातली माणसे जातात कुठे, हे चार प्रश्न विचारल्याशिवाय कोणत्याही शेताचा भूगोल पुरा होत नाही. आज हेच प्रश्न मी आपल्या मालवण किनाऱ्याला विचारणार आहे. त्यांची बरीच उत्तरे आपल्या रोजच्या बोलण्यातल्या शब्दांतच आहेत.

पहिला शब्द वायंगण. आपल्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, पण तो चार महिन्यांत. सह्याद्री आणि समुद्र यांत अंतर थोडे, त्यामुळे आलेले पाणी थांबत नाही. म्हणून आपल्या पूर्वजांनी जमिनीला नावे दिली ती पाण्याच्या हिशेबाने. पाणी न धरणारी उंचवट्याची जमीन ती भरड. मालवणच्या भरड नाक्यावरून रोज जाणाऱ्याच्या हे क्वचितच ध्यानात येते. डोंगरउतारावरची ती वरकस. तिथे नाचणी, वरी, हरीक व्हायचे आणि दोन-चार वर्षांनी जमिनीला विसावा द्यायचा. सखल भागात भाताचे कुणगे. खाडीकाठी बांध घालून खारे पाणी थोपवले, ती खार जमीन. आणि पावसाळा सरल्यावर व्हाळाला दगड, माती, पालापाचोळ्याचा बंधारा घालून जे दुसरे भात काढतात, ते वायंगण.

हा बंधारा एकट्याने घालता येत नाही. साऱ्या वाडीला उतरावे लागते, पाणी पाळीने घ्यावे लागते. एकाने गडगा सरकवला किंवा पाट अडवला तर खालच्याचे भात करपते. म्हणजे वायंगण नुसत्या ओलाव्यावर होत नाही, शेजारावरही होते.

दुसरा शब्द अर्धेल. जुन्या रत्नागिरी जिल्ह्यात, म्हणजे १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग वेगळा होण्याआधीच्या जिल्ह्यात, बहुसंख्य गावे खोती होती. काही गावांत धारेकरी सरकारला थेट धारा भरत, पण खोती गावात कूळ आणि सरकार यांच्यामध्ये खोत बसलेला असे. भाताचा अर्धा वाटा त्याचा, ती अर्धेल. वरकस पिकाचा तिसरा हिस्सा त्याचा, ती तिर्धेल. आता सांगा, खताची टोपली जास्त टाकली, बांध उंच केला आणि भात वाढले, तर त्यातले निम्मे दुसऱ्याच्या कोठारात जाणार. मग कूळ कशाला जास्त राबेल? कोकणी माणूस आळशी, असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब कधी मांडून पाहिलेला नसतो.

हा हिशेब मोडायला फार काळ लागला. अलिबागजवळच्या चरी गावी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे शेतकऱ्यांचा संप चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधानसभेत खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. प्रत्यक्षात खोती रद्द करणारा कायदा झाला १९४९ साली. कूळकायदा १९४८चा, आणि त्याखाली कसणारा मालक मानला गेला तो १ एप्रिल १९५७ या कृषकदिनापासून.

पण जमीन नावावर होईतो घरातली कर्ती माणसे मुंबईला गेली होती. इथे तिसरा शब्द येतो, मनिऑर्डर. योहान फॉन थ्यूनन नावाच्या एका जर्मन जमीनदाराने १८२६ साली एक सिद्धांत मांडला. शहराच्या अगदी जवळ दूध आणि भाजीपाला, त्यापलीकडे धान्य, सर्वांत लांब गुरे, अशी बाजाराच्या अंतराप्रमाणे शेतीची वर्तुळे पडतात. आपली मुंबई पाचशे किलोमीटरवर. तिथे मालवणची भाजी पोचणे शक्य नव्हते. पोचू शकला तो माणूस. गिरणगावाला आपण सर्वांत जास्त काय पुरवले असेल तर मनगटे पुरवली. किनाऱ्यावरच्या आम्हा मुसलमानांच्या वस्त्यांतली माणसे बोटीवर खलाशी म्हणून गेली, आणि १९७०च्या दशकात तेलाचा पैसा वाढल्यावर आखातात गेली. वाट वेगळी, गोष्ट तीच.

एस्टर बोसरुप या डॅनिश अर्थशास्त्रज्ञ बाईंनी १९६५ साली म्हटले की लोकसंख्या वाढली की माणसे त्याच जमिनीतून जास्त पीक काढायला शिकतात. आपल्याकडे वायंगण हे त्याचेच उदाहरण. पण त्यापुढे आपण जास्त पीक काढण्याऐवजी जास्त माणसे बाहेर काढली.

मग मागे शेत कोणी केले? बायकांनी. तरवा काढणे, चिखलात वाकून लावणी, कापणी, झोडणी, गुरांचे शेण आणि त्यावर पोस्टमनची वाट बघणे. २०११च्या जनगणनेत सिंधुदुर्गात दर हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया होत्या, तर सबंध महाराष्ट्रात ९२९. त्याच दहा वर्षांत जिल्ह्याची लोकसंख्या ८ लाख ६८ हजारांवरून ८ लाख ४९ हजारांवर आली.

माणसे कमी झाली तसे पीकही बदलले. १९९० साली रोजगार हमीतून फळबाग योजना आली आणि कातळ-भरडीवर हापूस व काजूची कलमे उभी राहिली. पैसा आला, हे नाकारून चालणार नाही. पण भाताला रोज माणूस लागतो, कलमाला हंगामात लागतो. मालक मुंबईत राहूनही बाग होते, वायंगण होत नाही. आज आमच्या बागांत राखणीला नेपाळहून आलेले तरुण दिसतात. त्यांच्याही गावी कुणीतरी पैशांची वाट बघत असेल.

आणि पडीक कुणगे? त्यांचे कारण मातीत शोधू नका, सातबाऱ्यावर शोधा. पणजोबांच्या नावाखाली पंचवीस-तीस सहहिस्सेदार, निम्मे परगावी, एकाची सही मिळाली तर दुसऱ्याची नाही. त्या यादीत जिने चाळीस वर्षे लावणी केली ती बहुतेक वेळा नसतेच, किंवा नवऱ्याच्या मृत्यूनंतर वारस म्हणून येते. कायद्यानेही तिला ताटकळत ठेवले. १९३७चा शरीयत कायदा वारसाहक्काबद्दल बोलला, पण शेतजमीन त्याने बाहेर ठेवली. हिंदू मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क देशभर मिळाला तो २००५ साली.

श्रोतेहो, भूगोलाचे पुस्तक ज्याला भूधारणा म्हणते, ती आपल्या घरातल्या पत्र्याच्या पेटीत घडी घालून ठेवलेली असते. आज रविवार आहे. तो सातबारा काढा आणि वाचा. कोणाची नावे आहेत, ती माणसे कुठे आहेत, आणि शेतात पाय ठेवणाऱ्या बाईचे नाव त्यात आहे का, ते बघा. नसेल तर ते लावण्यासाठी तलाठ्याकडे एक फेरी मारा. व्हाळाचे पाणी अजून डिसेंबरपर्यंत वाहते. बंधारा घालायला चार घरांची माणसे लागतात, आणि त्यांना बोलवायचे तर जमीन कोणाची हे आधी ठरलेले बरे.