प्राणिसंग्रहालयांत कोणते प्राणी, कोठे आणि का?

जगातील बहुतेक मोठ्या प्राणिसंग्रहालयांत सिंह, वाघ, जिराफ आणि मगर हमखास आढळतात. मात्र राक्षसी पांडा, ओकापी किंवा प्लॅटिपस पाहायचा असेल, तर नेमके शहर गाठावे लागते. कोणत्या देशात कोणता प्राणी ठेवला जातो, हे केवळ संचालकांच्या आवडीवर ठरत नाही. हवामान, कायदा, राजनैतिक संबंध, रोगप्रतिबंधक निर्बंध आणि प्रजननासाठी उपलब्ध असलेले मूळ प्राणी या सर्वांचा त्यात वाटा असतो. निसर्गातून नाहीशा झालेल्या काही प्रजातींच्या बाबतीत तर या निवडीवर त्यांचे अस्तित्वच अवलंबून राहिले आहे.

प्रदर्शनाकडून संगोपनाकडे

आजही सुरू असलेल्या प्राणिसंग्रहालयांपैकी सर्वांत जुने व्हिएन्नातील शोनब्रुन येथील. त्याची स्थापना १७५२ मध्ये राजघराण्याच्या आश्रयाने झाली. लंडनचे प्राणिसंग्रहालय १८२८ मध्ये सुरू झाले. त्या काळी वसाहतींमधून आणलेले दुर्मीळ प्राणी दाखवणे, ही प्रतिष्ठेची बाब होती. प्रत्येक प्रजातीचा एखाददुसरा नमुना असला, की संग्रह समृद्ध मानला जाई.

या पद्धतीची मर्यादा विसाव्या शतकात उघड झाली. अमेरिकेतील प्रवासी कबुतराचा अखेरचा पक्षी १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मरण पावला. ऑस्ट्रेलियातील टास्मानियन वाघ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या थायलासिनचा अखेरचा ज्ञात प्राणी सप्टेंबर १९३६ मध्ये होबार्ट येथे दगावला. एकट्यादुकट्या प्राण्याचे जतन म्हणजे प्रजातीचे रक्षण नव्हे, हे या दोन घटनांनी स्पष्ट केले. पुढे प्रत्येक महत्त्वाच्या प्रजातीसाठी वंशावळीची आंतरराष्ट्रीय नोंदवही ठेवण्याची प्रथा रुजली. कोणत्या नराची जोडी कोणत्या मादीशी लावायची आणि त्यासाठी कोणता प्राणी कोणत्या देशात पाठवायचा, हे या नोंदींवरून ठरते. १९७५ पासून अमलात आलेल्या ‘साइट्स’ करारामुळे संकटग्रस्त प्राण्यांच्या देशोदेशींच्या व्यापारावरही नियंत्रण आले.

युरोप : नोंदवह्यांचे केंद्र

अनेक प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय नोंदवह्या युरोपीय शहरांत सांभाळल्या जातात. मंगोलियातील प्शेवाल्स्की या रानटी घोड्याची नोंदवही प्राग येथे, काँगोच्या जंगलातील ओकापीची अँटवर्प येथे, तर भारतीय एकशिंगी गेंड्याची स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे आहे. प्शेवाल्स्की घोडा १९६० च्या दशकाअखेर मंगोलियाच्या माळरानांवरून दिसेनासा झाला. प्राणिसंग्रहालयांत वाचलेल्या जेमतेम डझनभर मूळ घोड्यांची संतती १९९२ पासून मायभूमीत परत सोडण्यात आली.

चीनमधील मिलू हरणाची कथाही अशीच आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी हे हरीण चीनमधून नष्ट झाले. इंग्लंडमधील बेडफर्डच्या ड्यूकने युरोपातील निरनिराळ्या संग्रहांतून गोळा केलेली १८ हरणे वोबर्न ॲबी येथील आपल्या उद्यानात ठेवली होती. त्यांच्या वंशातील हरणे १९८५ मध्ये बीजिंगला परत पाठवण्यात आली.

युरोपात कोणते प्राणी वाढवू नयेत, हेही कायदा सांगतो. परक्या आक्रमक प्रजातींबाबत युरोपीय संघाने २०१६ मध्ये जाहीर केलेल्या पहिल्या यादीत रॅकून, दक्षिण अमेरिकी कोआटी आणि चिनी मुंतजॅक हरीण यांचा समावेश आहे. संघाच्या सदस्य देशांत या प्राण्यांच्या प्रजननावर बंदी असल्याने, असलेले प्राणी वृद्ध होऊन मरतील तशी त्यांची आवारे रिकामी होत जातात. मोठ्या प्राण्यांसाठी जागेचा प्रश्नही निर्णायक ठरतो. लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने २००१ मध्ये आपले हत्ती शहराबाहेरील प्रशस्त व्हिप्सनेड येथे हलवले.

अमेरिका : हवामानाचा उपयोग

अमेरिका खंडप्राय देश असल्याने तेथे एकाच देशात वाळवंटापासून बर्फाळ प्रदेशापर्यंतचे हवामान मिळते. अरबी ओरिक्स हे वाळवंटी हरीण शिकारीमुळे संपण्याच्या मार्गावर असताना १९६२ मध्ये त्याच्या बचावाची मोहीम हाती घेण्यात आली. ॲरिझोना राज्यातील फिनिक्स येथील कोरडी, उष्ण हवा त्याला मानवेल, म्हणून अवघ्या नऊ प्राण्यांचा कळप तेथे उभा करण्यात आला. निसर्गातील अखेरचा ओरिक्स १९७२ मध्ये ओमानमध्ये मारला गेला. दहा वर्षांनी, १९८२ मध्ये, या जतन केलेल्या कळपाचे वंशज त्याच देशात मोकळे सोडण्यात आले. पुढे चोरट्या शिकारीने ओमानमधील कळपाला पुन्हा ग्रासले, पण अन्य देशांतील प्रयत्नांमुळे २०११ मध्ये या प्रजातीवरील धोक्याची पातळी कमी करून ती ‘असुरक्षित’ गटात नोंदवण्यात आली.

कॅलिफोर्निया कॉन्डोर या महाकाय गिधाडाचे उरलेले सर्व पक्षी १९८७ मध्ये पकडून सॅन डिएगो आणि लॉस एंजेलिस येथे ठेवण्यात आले. त्या वेळी जगात त्यांची संख्या केवळ २७ होती. पाच वर्षांनंतर पक्षी पुन्हा आकाशात सोडण्यास प्रारंभ झाला. टांझानियातील किहान्सी धबधब्याच्या तुषारांत राहणाऱ्या इवल्याशा भेकाचे रक्षणही अमेरिकेतच झाले. धरणामुळे धबधब्याचे पाणी घटल्यावर २००० मध्ये ४९९ भेक न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयाच्या पुढाकाराने तिकडे नेण्यात आले. ही प्रजाती २००९ मध्ये निसर्गातून नष्ट झाल्याचे जाहीर झाले आणि २०१२ पासून ती मूळ दरीत परत सोडण्यात येऊ लागली.

चीन व ऑस्ट्रेलिया : मालकी आणि निर्यातबंदी

राक्षसी पांडा कोणत्या शहरात दिसेल, हे चीनचे सरकार ठरवते. पूर्वी पांडा भेट म्हणून दिले जात. १९८० च्या दशकापासून ते ठरावीक मुदतीच्या कराराने दिले जाऊ लागले. एका जोडीसाठी वर्षाला साधारणतः १० लाख डॉलर आकारले जातात आणि परदेशात जन्मलेली पिल्लेही चीनच्या मालकीची राहतात. वॉशिंग्टनमधील पांडा नोव्हेंबर २०२३ मध्ये मायदेशी परतले आणि सुमारे वर्षभराने तेथे नवी जोडी आली. दक्षिण गोलार्धात पांडा पाहण्यासाठी ऑस्ट्रेलियातील ॲडलेड गाठावे लागते.

ऑस्ट्रेलिया आपल्या स्थानिक प्राण्यांच्या निर्यातीबाबत कमालीचा काटेकोर आहे. प्लॅटिपस हा अंडी घालणारा सस्तन प्राणी ऑस्ट्रेलियाबाहेर केवळ सॅन डिएगोच्या सफारी उद्यानात आहे आणि तोही २०१९ पासून. कोआला १९८४ मध्ये जपानमध्ये पोहोचले. निलगिरीच्या ठरावीक जातींचा ताजा पाला रोज पुरवणे ज्यांना शक्य आहे, अशाच संस्था त्यांना ठेवू शकतात. पशुरोगांच्या भीतीने ऑस्ट्रेलियात परदेशी पक्षी व खुरवाले प्राणी आणण्यावरही कडक निर्बंध आहेत.

उष्ण प्रदेशांत उलटा विचार रुजला आहे. सिंगापूरमध्ये जन्मलेला इनुका हा ध्रुवीय अस्वल २०१८ मध्ये मरण पावला, त्यानंतर तेथे ही प्रजाती ठेवण्यात आलेली नाही.

भारत : स्थानिक प्राण्यांना अग्रक्रम

भारतात प्राणिसंग्रहालयांना मान्यता देण्याचा अधिकार १९९२ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाकडे आहे. १९९८ च्या राष्ट्रीय धोरणाने देशी, संकटग्रस्त प्रजातींच्या संवर्धनावर भर दिला. त्यामुळे प्रदेशानुरूप वाटणी दिसते. दार्जिलिंगच्या थंड हवेत पद्मजा नायडू हिमालयीन प्राणिउद्यानात लाल पांडा व हिमबिबट्याचे प्रजनन होते. हैदराबादच्या नेहरू प्राणिउद्यानात पिसोरी या सर्वांत लहान भारतीय खुरवाल्या प्राण्याची संख्या वाढवून काही प्राणी तेलंगणच्या जंगलात सोडण्यात आले. ओडिशातील नंदनकाननमध्ये १९८० मध्ये घडियाल जातीच्या सुसरीचे प्रजनन साधले. त्यासाठीचा नर फ्रँकफर्टच्या प्राणिसंग्रहालयातून आला होता.

गुजरातमधील जुनागडचे सक्करबाग हे आशियाई सिंहांचे मुख्य संगोपन केंद्र आहे. या सिंहांच्या इतिहासातून जगाने एक धडा घेतला. अमेरिकेतील आशियाई सिंहांच्या प्रजनन कार्यक्रमाच्या पाच मूळ प्राण्यांपैकी दोघांत आफ्रिकी सिंहांचा वंश मिसळला असल्याचे १९८० च्या दशकात जनुकीय तपासणीत आढळले आणि तो कार्यक्रम गुंडाळावा लागला. युरोपने त्यानंतर सक्करबागचे शुद्ध वंशाचे सिंह घेऊन नवा आरंभ केला. गीर परिसरातील सिंहांची संख्या २०२५ च्या गणनेत ८९१ भरली. मात्र सर्व सिंह एकाच भूभागात असल्याने, साथीचा रोग पसरल्यास दूरवरच्या संग्रहालयांतील हा वंश आधार ठरू शकतो.

परदेशी प्राणीही भारतात येतात, बहुधा देवाणघेवाणीतून. म्हैसूरला २०२१ मध्ये जर्मनीतून दोन गोरिला मिळाले. मुंबईतील भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात २०१६ मध्ये सेऊलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणण्यात आले. काही महिन्यांतच त्यांपैकी एक दगावल्याने उष्ण शहरात असा प्राणी ठेवावा का, यावर वाद झडला. पुढे तेथे पिल्लेही जन्मली. पेरू व चिलीच्या किनाऱ्यावरील या पक्ष्यांसाठी वातानुकूलित कक्ष अखंड चालवावा लागतो.

लोकप्रियता की गरज?

पांढरा वाघ हे या प्रश्नाचे बोलके उदाहरण होय. रेवा संस्थानात १९५१ मध्ये पकडलेल्या ‘मोहन’ या वाघाच्या वंशातून तो जगभर पसरला. ती वेगळी प्रजाती नाही, तर रंगातील जनुकीय बदल आहे. तो टिकवण्यासाठी जवळच्या नात्यात जोड्या लावाव्या लागल्या, परिणामी अनेक बछड्यांत व्यंगे आली. अमेरिकेतील प्राणिसंग्रहालयांच्या संघटनेने २०११ मध्ये आपल्या सदस्यांना असे प्रजनन थांबवण्यास सांगितले.

धोक्यात असलेल्या भूचर पृष्ठवंशीय प्रजातींपैकी साधारण सातांतील एकच प्राणिसंग्रहालयांत आहे, असा निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निघाला. सस्तन प्राणी व पक्षी यांच्या तुलनेत बेडकांसारखे उभयचर प्राणी त्यात फारच कमी आहेत. जागा व निधी मर्यादित आहेत. सिंह पाहायला गर्दी होते, भेकाच्या काचपेटीपुढे क्वचितच कोणी थांबते. तरीही तिकिटाच्या उत्पन्नातून कोणत्या आवाराला किती वाटा मिळतो, यावरच पुढील काही दशकांत कोणती प्रजाती पुन्हा रानात परतेल आणि कोणती केवळ नोंदवहीत उरेल, हे ठरणार आहे.