देवीच्या तपासनिसाची फिरती

आज ज्यास आरोग्याचा कार्यक्रम व्यवस्थापक म्हणतात, त्याचा पूर्वज मला देवीच्या तपासनिसात दिसतो. 1962 साली राष्ट्रीय देवी निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा बाणकोटपासून तेरेखोलपर्यंत पसरलेल्या अखंड रत्नागिरी जिल्ह्यात, तरीने खाड्या ओलांडीत आणि उन्हात नासणाऱ्या लशीची धास्ती बाळगीत हिंडणाऱ्या या मनुष्याची खरी कसोटी टोचण्यात नव्हे, हिशेबात होती: जन्मनोंदीशी घरोघरच्या यादीचा ताळा, मग आठवड्याने दंडावरील फोड निरखून ‘उठली’ वा ‘न उठली’ असा शेरा. परंतु चाकरमान्यांच्या या मुलखात यादीतले मूल निम्मे वर्ष मुंबईसच! म्हणून शिमगा-गणपतीस, सारा गाव परतल्यावर, दप्तर पुन्हा उघडावयाचे. 1977 साली देश देवीमुक्त ठरला. हुद्दा उरला नाही, फिरती मात्र राहिली.