तिसऱ्या स्टँडवरची जोडी

स्कोअर वाचायला मी चाळिशीनंतर, स्वतःच शिकलो. सगळी रचना स्कोअरमध्येच असते, असे तेव्हा वाटे. हा समज दूर केला तो रेफ व्हॉन विल्यम्स यांच्या ‘टॅलिस फँटासिया’ने.

सोळाव्या शतकातील टॉमस टॅलिसच्या चालीवर आधारलेली, केवळ तंतुवाद्यांची ही रचना ६ सप्टेंबर १९१० रोजी इंग्लंडमधील ग्लॉस्टर कॅथीड्रलमध्ये प्रथम वाजली. तिच्यात मोठा वृंद, नऊ जणांचा दुसरा वृंद आणि चार एकल वादक असे तीन थर आहेत. पण बाहेरून कोणी आणायचे नाही. नऊपैकी आठ जण म्हणजे प्रत्येक गटाच्या तिसऱ्या स्टँडवरची जोडी. डबल बास तेवढा एक. शक्य असल्यास त्यांनी दूर बसावे आणि एकल भाग गटप्रमुखांनी वाजवावेत, असे संगीतकाराने स्कोअरमध्येच लिहिले आहे.

इथून पुढचे काम पार्ट तयार करणाऱ्या नक्कलकाराचे. वादकापुढे स्कोअर नसतो, फक्त स्वतःचा पार्ट असतो. तोही एका स्टँडवर दोघांत एक. म्हणून कोण कुठे एकटा, कुठे दोघे वेगळे (‘डिव्हिझी’) आणि कुठे पुन्हा एकत्र, हे कागदानेच सांगावे लागते. एकल भाग चालू असताना इतर अनेकदा गप्प असतात. त्यांना पुन्हा नेमके कधी उचलायचे हे कळावे, म्हणून त्यांच्या पानावर एकल ओळ बारीक स्वरांत छापतात.

खरी कसोटी पान उलटताना. प्रथेप्रमाणे बाहेरच्या बाजूचा वादक वरची ओळ वाजवतो, आतला खालची. आणि पान उलटतो तो आतलाच. दोघे एकच ओळ वाजवत असतील तर निभावते, जोडीदार सूर धरून ठेवतो. पण डिव्हिझीच्या मध्येच पान संपले, तर प्रत्येक स्टँडवरचा आतला हात एकाच क्षणी थांबतो आणि खालची अख्खी ओळ नाहीशी होते. हे टाळण्यासाठी जाणता नक्कलकार विराम पाहून पान संपवतो, प्रसंगी अर्धे पान कोरे सोडतो.

स्कोअर जपले जातात, त्यांवर ग्रंथ निघतात. वाजवून झिजलेले पार्ट मात्र बदलले जातात आणि ते लिहिणाऱ्याचे नाव कार्यक्रमपत्रिकेवर सहसा नसते. त्या कोऱ्या अर्ध्या पानामागे विचार होता, एवढी तरी नोंद संगीताच्या इतिहासात असायला हवी.