बापाचा टाळ, लेकराचा कान

आपल्या दिंडीला शंभर वर्षे झाली. ती चालली कशावर? आमच्या वसईकडे बाप रहाट हाकताना अभंग म्हणायचे, केळीच्या वाडीत खेळणारी पोरं ऐकायची. तीच चाल आज साठीतही आम्हाला गोड लागते.

इतिहासही हेच सांगतो. कुरुंदवाडचे दिगंबर गोपाळ पलुस्कर कीर्तनकार. त्यांच्या घरी १८७२ साली विष्णू जन्मले. लहानपणी फटाक्याने डोळे अधू झाले, पण कानात बापाचं कीर्तन होतं. मिरजेला बाळकृष्णबुवांकडे गाणं शिकले, १९०१ साली लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढलं. एवढे मोठे गवई झाले तरी भजन सोडलं नाही. १९३१ साली ते गेले तेव्हा मुलगा दत्तात्रय दहा वर्षांचा. पुढं वडिलांच्या शिष्यांनी त्याला शिकवलं, आणि तोही भजनासाठी नावाजला. बाप दहाच वर्षं लाभला, सूर मात्र जन्मभर पुरला.

आता रहाट गेले, वाड्यांच्या जागी इमारती आल्या. म्हणून मंडळी, पोरांना नुसतं 'दिंडीला चल' म्हणून भागायचं नाही. घरात रोज हरिपाठ त्यांच्या कानावर पडू द्या. पुढची दिंडी तिथूनच निघेल.